कारखान्यातली माहिती वेळेला कामाला यावी म्हणून: सामायिक टिपणांचा दर्जा कसा सुधारावा

जळगावच्या एमआयडीसीत चटईचे कारखाने आहेत, पाइपचे आहेत, डाळ मिल आहेत. रावेर-सावद्याकडे केळीची पॅकहाऊस आणि पिकवणी केंद्रं आहेत. धुळ्यात हिशेबाची आणि करसल्ल्याची कार्यालयं आहेत. यांतल्या बहुतेक ठिकाणी माहिती लिहून ठेवलेली असते. कॉम्प्युटरवर सामायिक फोल्डर असतं, गूगल ड्राइव्ह असतं, आयएसओच्या (गुणवत्तेच्या प्रमाणपत्राच्या) फायली असतात, शिवाय व्हॉट्सअ‍ॅपचे तीन-चार ग्रुप असतातच. तरीही रात्रपाळीला एक्सट्रूडर (प्लास्टिक वितळवून त्याची पट्टी किंवा पाइप काढणारं मशीन) अडला की ऑपरेटर फोल्डर उघडत नाही, जुन्याजाणत्या आप्पांना फोन लावतो. आप्पा झोपेतून उठून सांगतात, मशीन सुरू होतं, आणि महिन्याभरात तोच प्रश्न दुसऱ्या कुणाला तरी पडतो.

याला माणसांचा आळस म्हणणं मला पटत नाही. फोन लावणारा माणूस अनुभवाने शहाणा झालेला असतो. फोल्डरमध्ये शोधलं तर सापडणार नाही, सापडलं तर दोन वर्षांपूर्वीचं निघेल, आणि ताजं निघालं तरी त्यात ‘योग्य ती काळजी घ्यावी’ एवढंच असेल, हे त्याला ठाऊक असतं. म्हणून अशा ठिकाणी ‘सगळ्यांनी लिहीत चला’ असा हुकूम काढून काही होत नाही. टिपणांचा साठा फुगतो आणि शोधणं आणखी अवघड होतं.

टिपण चांगलं की वाईट हे ते लिहिणाऱ्याने ठरवायचं नसतं. ते हातात धरून ज्याला काम करायचं आहे, तो ठरवतो. खाली दिलेली पद्धत सगळी याच एका धोरणावर उभी आहे. वीस माणसांच्या युनिटलाही ती झेपते, आणि त्यासाठी नवं सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागत नाही.

पायरी १: आधी प्रश्न गोळा करा, उत्तरं नंतर

दोन आठवडे एक वही चालवा. तिला फोनवही म्हणा. पर्यवेक्षकाच्या टेबलावर ठेवा. कुणीही कुणालाही कामाबद्दल काही विचारलं की एक ओळ लिहायची: प्रश्न काय होता (विचारणाऱ्याच्याच शब्दांत), कुणी विचारला, कुणाला विचारला, उत्तर मिळायला किती वेळ गेला. ज्यांना फोन येतात त्या जुन्या माणसांनाही सांगून ठेवा, रात्री आलेला प्रश्न सकाळी वहीत उतरवायचा.

दोन आठवडे झाले की एकेक प्रश्न घेऊन बसा आणि त्याचं उत्तर आपल्या साठ्यात शोधून पाहा. शोधायला अशा माणसाला बसवा ज्याने ते फोल्डर तयार केलेलं नाही. प्रत्येक प्रश्नापुढे चारपैकी एक शेरा मारा. उत्तर साठ्यात नाहीच. आहे पण सापडत नाही. सापडलं पण जुनं किंवा चुकीचं आहे. बरोबर आहे पण वाचून काम करता येत नाही.

या चारही दुखण्यांची औषधं वेगळी आहेत, आणि इथेच बहुतेकांची गल्लत होते. उत्तर असून सापडत नसेल तर नवं टिपण लिहून उपयोग नाही, नाव आणि शोधाचे शब्द सुधारायला हवेत. जुनं असेल तर प्रश्न जबाबदारीचा आहे. वाचून काम होत नसेल तर लिखाणाचा. ‘उत्तर नाहीच’ हा शेरा वाटतो तितका जास्त येत नाही. माहिती असते, पण ती वापरता यावी अशा स्थितीत नसते.

ज्यांच्याकडे आयएसओ ९००१ आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट. २०१५ च्या आवृत्तीत ७.१.६ या कलमात संस्थेला लागणारं ज्ञान कोणतं ते ठरवावं, ते टिकवावं आणि गरजेपुरतं उपलब्ध ठेवावं अशी अपेक्षा आहे. ऑडिटच्या आदल्या आठवड्यात या कलमासाठी एखादा तक्ता बनवण्यापेक्षा ही फोनवही दाखवा. त्या कलमाच्या हेतूला ती जास्त जवळची आहे.

पायरी २: काढून टाका

लिहायला बसण्याआधी साफसफाई. ‘एसओपी फायनल’, ‘एसओपी फायनल नवीन’, ‘एसओपी फायनल नवीन २’ अशा तीन फायली (एसओपी म्हणजे कामाची ठरवून दिलेली पद्धत) शेजारी शेजारी असतील तर त्यातली एकही भरवशाची नाही. एका विषयाला एकच जागा हवी. बाकीच्यांतलं कामाचं तिच्यात आणा आणि उरलेल्या ‘जुने’ नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये हलवा. ते फोल्डर सगळ्यांना दिसायची गरज नाही. गूगल डॉक्ससारख्या ठिकाणी आधीच्या आवृत्त्या आपोआप जपल्या जातात, त्यामुळे नवी फाइल काढण्याऐवजी तीच फाइल सुधारत राहावी.

एक काळजी मात्र घ्या. टिपण वेगळं आणि नोंद वेगळी. काम कसं करायचं ते टिपणात असतं. त्या दिवशी काय झालं ते नोंदीत असतं. बॅच रजिस्टर, तपासणीचे अहवाल, बिलं या नोंदी आहेत. साफसफाईच्या उत्साहात त्यांना हात लावू नका, त्या ठेवायच्या मुदती कायद्याने आणि ग्राहकाच्या कराराने ठरलेल्या असतात.

कॉम्प्युटर साफ झाला की शॉप फ्लोअरवर एक चक्कर मारा. मशीनच्या पॅनेलवर चिकटवलेला, लॅमिनेशन केलेला, कडा पिवळ्या पडलेला कागद दिसेल. त्यावरचा आकडा कदाचित जुन्या मोटारीचा असेल. फोल्डरमध्ये कितीही सुधारणा करा, हातासमोर असलेला कागदच खरा मानला जातो. म्हणून भिंतीवरच्या प्रत्येक कागदावर तारीख आणि मूळ टिपणाचं नाव हवं, किंवा क्यूआर कोड हवा. तारीख नसलेला कागद काढून टाका.

जुनं टिपण केवढं महागात पडू शकतं याचं चांगलं उदाहरण कराच्या कामात सापडतं. जीएसटीखालचं ई-इन्व्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवायचं बिल, १ ऑक्टोबर २०२० ला ५०० कोटींवरच्या उलाढालीला लागू झालं. मग ती मर्यादा उतरत गेली: १०० कोटी, ५० कोटी, २० कोटी, १ ऑक्टोबर २०२२ ला १० कोटी, १ ऑगस्ट २०२३ ला ५ कोटी. आता समजा, सात कोटींची उलाढाल असलेल्या एका व्यापाऱ्याच्या फाइलमध्ये २०२१ साली कुणीतरी लिहून ठेवलं, ‘आपल्याला ई-इन्व्हॉइस लागू नाही’. लिहिलं तेव्हा ते शंभर टक्के खरं होतं. अडीच वर्षांनी नवीन आलेल्या मुलीने ते वाचलं आणि त्याप्रमाणे बिलं काढली तर चूक तिची कशी म्हणायची? तेच वाक्य ‘उलाढाल ५० कोटींच्या वर नसल्याने लागू नाही, एप्रिल २०२१ ची मर्यादा’ असं लिहिलं असतं तर ती थबकली असती. निष्कर्षासोबत तो कशावर टेकलेला आहे तेही लिहायचं.

पायरी ३: एक टिपण, एक प्रश्न

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

केळी पिकवणी केंद्रातलं एक नमुन्याचं टिपण घेऊ. शीर्षक: ‘रायपनिंग चेंबर कार्यपद्धती’ (रायपनिंग चेंबर म्हणजे केळी पिकवायची बंद खोली). मजकूर असा:

‘चेंबर भरल्यावर तापमान योग्य ठेवावे. गॅस वेळेवर सोडावा. आवश्यकतेनुसार हवा काढावी. माल तयार झाल्यावर बाहेर काढावा.’

यातलं एकही वाक्य खोटं नाही आणि एकही कामाचं नाही. योग्य म्हणजे किती? वेळेवर म्हणजे केव्हा? ज्याला हे माहीत आहे त्याला टिपण लागत नाही, आणि ज्याला लागतं त्याला ते काहीच सांगत नाही. शिवाय हे टिपण कुठल्या प्रश्नाचं उत्तर आहे? पहाटे चारला चेंबरसमोर उभ्या असलेल्या पोराला ‘कार्यपद्धती’ नको असते. अर्धी खोकी पिवळी आणि अर्धी हिरवी का, हे त्याला हवं असतं.

तेच टिपण पुन्हा लिहिलं तर असं होईल:

*नाव:* एकाच चेंबरमध्ये काही खोकी पिवळी, काही हिरवी राहिली

*कुठे लागू:* जी-९ जातीची केळी, खोक्यांत भरलेली, चेंबर १ आणि २. चेंबर ३ ला लागू नाही, तिथली पंख्याची रचना वेगळी आहे.

*आधी बघा:* भिंतीवरच्या मीटरवर जाऊ नका, तो हवेचं तापमान दाखवतो. गरात टोचायचा थर्मामीटर घ्या आणि दारापाशी, मधे आणि मागे अशा तीन ठिकाणच्या खोक्यांतली केळी तपासा. गर १६ ते १८ अंश सेल्सिअसच्या दरम्यान हवा.

*करा:* तीन ठिकाणच्या आकड्यांत फरक असेल तर रांगांमध्ये हवा खेळायला जागा आहे का ते पाहा, नसेल तर खोकी सरकवा. पुढच्या भरणीला सगळा माल एका तापमानावर आल्याशिवाय इथिलीन (पिकवणारा गॅस) सोडू नका. इथिलीन १०० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग), २४ तास, दार बंद, आर्द्रता ९० ते ९५ टक्के. २४ तासांनी दार उघडून हवा पूर्ण बदला.

*कारण:* पिकायला लागलेली केळी स्वतः उष्णता सोडते. खोकी दाटीने रचली की आतला गर हवेपेक्षा गरम होतो आणि तो माल पुढे पळतो. कार्बन डायऑक्साइड साठला तर पिकणं मंदावतं, म्हणून हवा बदलायची.

*इथे थांबा:* गॅस वाढवून हिरवी खोकी पिकवायचा प्रयत्न करू नका, १०० पीपीएम ही अन्नसुरक्षा नियमांची मर्यादा आहे. हिवाळ्यात उघड्या गाडीतून आलेल्या मालाचा गर १३ अंशांच्या खाली गेला असेल तर साल काळवंडते आणि नंतर कशानेच सुधारत नाही. तो माल वेगळा काढा आणि पर्यवेक्षकाला कळवा. हवा बदलल्याशिवाय आत जाऊ नका.

*लिहिलं, तपासलं, तारीख:* तिन्ही नावानिशी.

लांबी वाढली, पण वाचायचा वेळ दोन मिनिटांच्या आतच आहे. यातल्या तीन जागा मुद्दाम दाखवाव्याशा वाटतात.

नाव लक्षणाचं आहे. माणूस शोधताना डोळ्यांना जे दिसतं तेच टाइप करतो. ‘पट्टी मधेच तुटते’, ‘पाइपावर रेघ येते’, ‘बिल पोर्टलवर चढत नाही’ ही टिपणांची चांगली नावं आहेत. ‘एक्सट्रूजन विभाग मार्गदर्शक तत्त्वे’ हे नाव कपाटाच्या फळीला शोभेल, टिपणाला नाही.

‘कुठे लागू’ ही ओळ घाईत गाळली जाते, आणि बरोबर माहिती चुकीच्या जागी वापरली जाण्याचं ते मोठं कारण आहे. मशीनचं मॉडेल, कच्चा माल, ऋतू, ग्राहक, जे काही उत्तर बदलतं ते इथे लिहा. आपल्याकडे ऋतू विसरून चालत नाही. भुसावळ-जळगावचा मे महिना पारा ४५ अंशांपर्यंत नेतो आणि जानेवारीत तोच एक आकडी होतो. शेड तीच, मशीन तेच, पण कूलिंगच्या पाण्याचं तापमान ते नसतं.

तिसरी जागा म्हणजे कारण. कारण वाचलेला माणूस टिपणात नसलेल्या प्रसंगातही बरोबर वागू शकतो. शिवाय, एखादा नियम का आहे ते कळलं नाही की घाईच्या दिवशी पहिला तोच मोडला जातो.

लक्षण, परिस्थिती, उपाय, कारण ही मांडणी मी शोधलेली नाही. संगणक-सेवेच्या क्षेत्रात १९९२ पासून ‘नॉलेज सेंटर्ड सर्व्हिस’ नावाची पद्धत वाढत गेली, तिच्यात ग्राहकाच्या तक्रारीवरचं टिपण साधारण असंच लिहितात. चटईच्या कारखान्यालाही ते तंतोतंत लागू पडतं.

पायरी ४: आप्पांच्या हातातलं कागदावर आणणं

जुन्या ऑपरेटरला कोरा कागद देऊन ‘तुम्हाला येतं ते लिहून द्या’ म्हणणं हा त्याचा अपमान आहे, आणि त्यातून काही हाती लागतही नाही. त्याला जे येतं त्यातलं बरंच त्याच्या कानात आणि बोटांत असतं. ते शब्दांत आणायचं काम दुसऱ्याने करायचं.

मशीनपाशीच उभं राहा. ‘तुम्ही हे कसं करता?’ असं मोघम विचारू नका, त्यावर मोघमच उत्तर येईल. घडलेला एक प्रसंग धरा. ‘आप्पा, मागच्या मंगळवारी गिअरबॉक्स उघडायला लावलात. आधी काय दिसलं? आवाज कसा होता? दुसरं काही असेल असं वाटलं होतं का? मग ते नाही हे कशावरून ठरवलं?’ शेवटचा प्रश्न सोन्याचा. अनुभवी माणसाने मनातल्या मनात काय काय बाद केलं, ते तिथे बाहेर येतं.

बोलणं फोनवर रेकॉर्ड करा, त्यांना सांगून. त्यांना त्यांच्या बोलीत बोलू द्या. ‘हाऊ आवाज वाढना म्हणजे बेरिंग गयी समज,’ असं अहिराणीत आलं तर तिथेच प्रमाण मराठीत फिरवायला लावू नका. बोलण्याचा ओघ तुटतो आणि माणूस पुस्तकी बोलायला लागतो. नंतर शांतपणे उतरवून घ्या. बेरिंगच्या आवाजाची तर दहा सेकंदांची क्लिपच टिपणाला जोडा: एक चांगल्या बेरिंगची, एक गेलेल्या. तिथे हजार शब्द कमी पडतात.

मग खरी परीक्षा. टिपण एका नव्या मुलाच्या हाती द्या आणि त्याला त्यावरून काम करायला सांगा. आप्पांनी शेजारी उभं राहायचं, पण बोलायचं नाही. (धोक्याचं काही होत असेल तर अर्थातच थांबवायचं.) मुलगा जिथे अडेल तिथे टिपणात भोक आहे. ‘थोडं सैल करा’ असं वाचून तो पाना हातात घेऊन तसाच उभा राहिला, तर तिथे ‘अर्धा फेरा’ असं लिहायचं आहे. अशा दोन फेऱ्या झाल्या की टिपण उभं राहतं.

टिपणावर आप्पांचं नाव ठळक घाला. झेरॉक्स कंपनीत कॉपिअर दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञांसाठी १९९० च्या दशकात ‘युरेका’ नावाचा साठा उभा राहिला, त्याची सुरुवात फ्रान्समध्ये झाली. तंत्रज्ञ आपली युक्ती लिहून पाठवायचे, त्यांच्यातलेच जाणते लोक ती तपासायचे, आणि खरी ठरली की लिहिणाऱ्याच्या नावासकट सगळ्यांना मिळायची. तिथे ओढ पैशाची नव्हती, आपल्या धंद्यातल्या माणसांत नाव होण्याची होती. आपल्याकडेही ‘हे आप्पांनी शोधलं’ या वाक्याला वजन आहे. ते वजन टिपणाला मिळू द्या.

यात एक भीती असते, तिच्याबद्दल मालकांनी स्वतः बोलायला हवं: ‘सगळं लिहून दिलं की माझी गरज काय?’ ही भीती खोटी नाही, आणि नुसत्या गोड बोलण्याने जात नाही. ज्याची टिपणं जास्त वापरली जातात त्याला प्रशिक्षकाचं काम, त्या कामाचा भत्ता आणि दिवसपाळी द्या. तेव्हा बाकीचे आपणहून पुढे येतात.

पायरी ५: सापडेल असं करा

इथे मराठीत काम करणाऱ्यांची एक खास अडचण आहे आणि तिच्याकडे फार दुर्लक्ष होतं. अनेक कार्यालयांत जुनी टिपणं श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा फॉन्टमध्ये टाइप केलेली असतात. पडद्यावर मराठी दिसते, पण आत साठलेली अक्षरं वेगळीच असतात. फॉन्ट नसलेल्या फोनवर ती फाइल उघडली की अगम्य चिन्हं दिसतात, आणि युनिकोडमध्ये (आता सगळीकडे चालणाऱ्या सामायिक अक्षरपद्धतीत) टाइप करून शोधलं तर काहीच सापडत नाही. फाइल समोर असून नसल्यासारखी. फॉन्ट बदलून देणारी कन्व्हर्टर साधनं मिळतात; कामाची टिपणं निवडून युनिकोडमध्ये आणा. बदलताना जोडाक्षरं आणि आकडे बिघडू शकतात, म्हणून प्रत्येक आकडा मूळ कागदाशी ताडून घ्या.

आकड्यांचंही तसंच. मराठी आकड्यांतला १६ आणि इंग्रजी आकड्यांतला सोळा ही संगणकाच्या लेखी वेगवेगळी चिन्हं आहेत. पार्ट नंबर, मॉडेल नंबर कुठल्या आकड्यांत लिहायचे ते एकदा ठरवा आणि पाळा. मी तरी सांगेन, यंत्राच्या पाटीवर जसा आहे तसाच लिहा.

तिसरं, शब्द. एकाच गोष्टीला कुणी मोटर म्हणतं, कुणी मोटार. कुणी हीटर म्हणतं, कुणी पट्टा. एमआयडीसीत उत्तर प्रदेश-बिहारकडची मंडळी आहेत, ती हिंदी शब्द वापरतात. नंदुरबारकडून आलेल्यांच्या तोंडी आणखी वेगळे शब्द असतात. प्रत्येक टिपणाच्या तळाशी ‘शोधायचे शब्द’ अशी एक ओळ ठेवा आणि फोनवहीत आलेले सगळे शब्द तिथे घाला, अशुद्ध लिहिलेलेही. फोटो आणि आवाजाच्या क्लिपखाली दोन ओळी टाइप करा, नाहीतर शोधाला त्या दिसत नाहीत.

मग चाचणी. वहीतले दहा प्रश्न घ्या आणि वेगवेगळ्या पाळीतल्या तिघांना फोनवरून उत्तर शोधायला सांगा. काय टाइप करायचं ते सांगू नका, त्यांनी काय टाइप केलं ते लिहून घ्या. फोल्डरांची रचना कशी असावी यावर तासन्‌तास बैठका घेण्यापेक्षा या अर्ध्या तासात जास्त कळतं.

हल्ली सामायिक फोल्डरला एआयचं साधन जोडून त्यालाच प्रश्न विचारायची पद्धत येते आहे. सोय चांगली आहे, पण ते साधन त्याला जे मिळेल त्यावरून उत्तर देतं. तीन आवृत्त्या पडून असतील तर जुनीवरूनही तितक्याच ठामपणे सांगेल. म्हणून ते दुसऱ्या पायरीच्या आधी जोडू नका.

पायरी ६: प्रत्येक टिपणाला धनी हवा

‘गुणवत्ता विभाग’ हा धनी नव्हे. एक माणूस, नावानिशी, आणि तो रजेवर असेल तेव्हा दुसरा. धन्याने स्वतः लिहिलेलं असायची गरज नाही, पण ते आज खरं आहे याची हमी त्याची.

वर्षातून एकदा सगळी टिपणं तपासायची, ही पद्धत कागदावर छान दिसते. प्रत्यक्षात मार्चमध्ये एका दुपारी सगळ्यांवर सह्या होतात. त्यापेक्षा तपासणी घटनेला बांधा. मशीनचा भाग बदलला की त्या मशीनची टिपणं. कच्च्या मालाचा पुरवठादार बदलला की त्या मालाची. पिकवणी केंद्रात थंडी सुरू व्हायच्या आधी थंडीची आणि एप्रिल लागायच्या आत उन्हाळ्याची. कराच्या कामात अधिसूचना आली की त्याच दिवशी. ज्यांत जिवाचा किंवा खाण्याच्या वस्तूचा प्रश्न आहे ती वेगळ्या रंगाने खूण करून ठेवा. त्यांना धन्याखेरीज दुसऱ्याचीही तपासणी हवी.

पण सगळ्यात भरवशाची तपासणी रोजच्या वापरात होते. टिपण वापरणाऱ्याला तिथल्या तिथे दोन गोष्टी करता आल्या पाहिजेत: लहान चूक असेल तर स्वतः दुरुस्त करणं, आणि मोठी असेल तर ‘इथे जमलं नाही’ असं लिहून ठेवणं. अशा शेऱ्याला धन्याने पुढची पाळी संपायच्या आत उत्तर द्यावं, निदान ‘पाहिलं, उद्या मशीनवर बघतो’ एवढं तरी. शेरा महिनाभर तसाच पडून राहिला की लिहिणारा पुन्हा कधी लिहीत नाही.

दोन जाणत्यांचं एकमेकांशी पटलं नाही तर? हे होणारच, आणि झालं तर वाईट मानू नका. मधला आकडा काढून दोघांना गप्प बसवू नका. बहुतेक वेळा दोघंही खरे असतात, फक्त वेगळ्या परिस्थितीत: एकाचा अनुभव नव्या मशीनवरचा, दुसऱ्याचा जुन्या. दोघांना एकत्र मशीनपाशी न्या, करून पाहा, आणि ‘कुठे लागू’ या ओळीत फरक लिहा. तेव्हाही मिटलं नाही तर दोन्ही मतं नावासकट ठेवा. वाचणाऱ्याला मतभेद आहे हे कळणंही उपयोगाचं असतं.

पायरी ७: व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपला साठा समजू नका

ग्रुप बंद करू नका. प्रश्न विचारायला त्यासारखी जागा नाही. पण तिथलं उत्तर वर सरकून जातं, फोन बदलला की फोटो जातात, आणि नोकरी सोडणाऱ्याबरोबर त्याच्या फोनमधलं सगळं जातं. सवय अशी लावा: प्रश्न ग्रुपवर आला आणि टिपण असेल तर उत्तर म्हणून टिपणाची लिंक टाका. नसेल तर उत्तर द्या, आणि आठवड्यातून एकदा एकाने बसून त्यातली पुन्हा लागतील अशी उत्तरं टिपणांत उतरवा. हे काम पाळीपाळीने द्या, कामाच्या वेळेत द्या. ‘घरी गेल्यावर बघ’ असं सांगितलेलं काम होत नसतं, आणि ते सांगणं न्याय्यही नाही.

मोजायचं काय

टिपणांची संख्या मोजू नका. ‘प्रत्येकाने महिन्याला दोन टिपणं’ असं ठरवलं की महिनाअखेरीस दोन-दोन टिपणं येतात, आणि ती कुणी वाचत नाही.

तीन महिन्यांनी फोनवही पुन्हा दोन आठवडे चालवा. तेच प्रश्न पुन्हा आले का? ‘सापडत नाही’ आणि ‘जुनं आहे’ हे शेरे घटले का? त्याच बिघाडाला मशीन बंद राहण्याचा वेळ कमी झाला का? आप्पांना रात्री येणारे फोन कमी झाले का? हे चार आकडे पुरेत. आणि नवा माणूस एकट्याने पाळी सांभाळायला किती दिवसांत तयार होतो, हा पाचवा, तुमच्याकडे भरती वारंवार होत असेल तर.

एक इशारा: टिपणांवरचे ‘इथे जमलं नाही’ असे शेरे वाढले तर घाबरू नका. सुरुवातीच्या काळात लोक टिपणं उघडायला लागली आहेत, याची ती खूण आहे.

काय ठेवू नये आणि सोडून जाणाऱ्याकडून काय घ्यावं

पासवर्ड, ग्राहकांचे खास दर, कामगारांची आधार कार्डं, बँकेचे तपशील हे सामायिक साठ्यात येता कामा नये. साफसफाईच्या वेळी अशा फायली हटकून सापडतात; त्या लगेच मर्यादित परवानगीच्या जागी हलवा.

आणि कुणी नोकरी सोडणार असं कळलं की पहिल्या दिवशीच एक यादी काढा: हा माणूस कुठकुठल्या टिपणांचा धनी आहे. प्रत्येकाला नवा धनी नेमा. दोघांनी ते टिपण एकत्र वाचायचं, मशीनपाशी किंवा टेबलापाशी एकदा करून पाहायचं आणि तारीख घालायची. मूळ लिहिणाऱ्याचं नाव मात्र तसंच राहू द्या. शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबलात तर त्या आठवड्यात तो रजेवर असतो.